साडेबाराची फेरी

रविवार. बारा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. राणीबागेच्या फाटकाशी पेंग्विन बघायला आलेल्या कुटुंबांची झुंबड उडाली आहे. मी त्यांच्यातून वाट काढत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे वळतो. आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायला निघाले, यारी तुटली आणि अखंड पाषाणाचा हा हत्ती फुटला. पुढे तुकडे जोडून त्याला पुन्हा उभा केला. जवळ गेलं की अंगावरचे सांधे दिसतात. माझी फेरी दर वेळी इथूनच सुरू होते.

आत नक्षीचे लोखंडी खांब, वर सोनेरी मुलामा. साडेबाराला आठदहा जण जमतात. तिकीट किरकोळ आहे, माहिती सांगण्याचे वेगळे पैसे नाहीत, आणि आजची फेरी मराठीतून आहे. सांगणारी मुलगी पंचविशीची, खांद्याला झोळी. तिच्या अगदी पुढ्यात एक आजोबा, नातवाचं मनगट घट्ट धरून.

ती सुरुवात करते ती वर्गणीपासून. फोर्टातल्या बराकीत आधीचा संग्रह होता. १८५७च्या धामधुमीत फौजेला जागा हवी म्हणून तो हलवला, त्यात बऱ्याच वस्तूंची नासधूस झाली. मग नाना शंकरशेट आणि भाऊ दाजींसारखी माणसं पुढे आली, शहरातून पैसा उभा राहिला आणि १८७२ साली ही इमारत लोकांसाठी उघडली. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्रे गावचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर, शिवाय जुने शिलालेख वाचणारे. संग्रहालयाला त्यांचं नाव मात्र १९७५ साली मिळालं. “शंभर वर्षं उशीर,” मागून एक बाई पुटपुटतात. मलाही तसंच वाटतं.

वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या मूर्ती, नाना जातीजमातींच्या पगड्या. त्यांच्यासमोरून आम्ही भराभर पुढे जातो. आज सगळे थबकतात ते सात बेटांच्या नकाशापाशी.

“कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम,” ती बोटाने दाखवते. “आणि मधे हे पाणी.”

आजोबा वाकतात. “डिलाईल रोड कुठं?”

तिचं बोट परळ आणि वरळीच्या मधल्या निळ्या पट्ट्यावर थांबतं.

“इथं? पाण्यात?”

“हो काका. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधे खिंडार होतं. भरतीचं पाणी तिथून आत शिरायचं, पार भायखळ्यापर्यंत. अठराव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नर हॉर्नबीच्या अमदानीत तिथे बांध घातला, तो हॉर्नबी वेलार्ड. बांध टिकेना, तेव्हा बांधाचं काम बघणाऱ्या रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढ म्हणाली, मूर्ती मिळाली आणि मग बांध उभा राहिला, असं सांगतात. तीच आपली महालक्ष्मी.”

आजोबा काही बोलत नाहीत. मान हलवत नकाशा बघत राहतात. मग नातवाकडे वळून म्हणतात, “म्हणून पावसात आपल्याकडं गुडघाभर पाणी साचतं रे. खोलगट जागा, पाणी जुनी वाट विसरत नाही.” मुलगी क्षणभर थांबते, मग म्हणते, “बरोबर बोललात.” तिच्या आवाजात मघाचा पाठ केलेला सूर नाही. इतका वेळ ती सांगत होती, आता ऐकते आहे. कोणत्या साली कुठवर पाणी आलं, चाळीतल्या माळ्यावर कोणकोणतं सामान चढवलं, आजोबा एकेक काढतात, आणि आम्ही सगळे आपसूक त्यांच्याभोवती गोळा होतो. या दालनात याच्याहून मोलाचं दुसरं काही नाही, असं मला त्या घडीला मनापासून वाटतं.

सव्वा वाजत आला आहे. नातू काचेजवळ नाक नेऊन त्या निळ्या पट्ट्यात काहीतरी शोधतो आहे.

“काय बघतोस?”

“आपली खोली.”

आजोबा त्याच्या शेजारी उकिडवे बसतात आणि काचेवर, त्या पाण्याच्या मधोमध, बोट टेकवतात.