देऊळ मोठं, पडदा छोटा!

मुलांनो, अंबरनाथचं शिवमंदिर पाहिलंय ना? शिलाहार राजांच्या काळातलं, वालधुनीच्या काठचं, इ. स. १०६० चा शिलालेख असलेलं! समजा, तुमच्या वर्गाने त्याची वेबसाइट केली आणि पानाच्या माथ्यावर देवळाचा भलामोठा फोटो लावला. शाळेच्या कॉम्प्युटरवर तो झोकात दिसतो. पण उल्हासनगरहून बदलापूरला निघालेला तुमचा मित्र लोकलच्या गर्दीत मोबाइलवर तेच पान उघडतो, तर माथा कोराच! अंबरनाथ स्टेशन आलं नि गेलं, तरी देऊळ काही दिसेना!

असं का बरं? चला, गणित करू. फोटो ४००० ठिपके रुंद आणि ३००० उंच असेल, तर ठिपके झाले १ कोटी २० लाख. या ठिपक्यांनाच पिक्सेल म्हणतात. बऱ्याच मोबाइलचा पडदा मात्र १०८० पिक्सेल रुंद असतो. तेवढाच रुंद फोटो केला, तर उंची होते ८१० आणि पिक्सेल लागतात साधारण पावणेनऊ लाख. म्हणजे आपण जवळजवळ चौदापट पिक्सेल पाठवतो!

तुम्ही म्हणाल, "मोबाइलवर फोटो आपोआप लहान होतोच की!" होतो, पण सगळा उतरवून घेतल्यावर. तोवर वेळही गेला आणि आईबाबांनी भरलेल्या रिचार्जमधला डेटाही!

यावर उपाय सोपा आहे. एकाच फोटोच्या तीन प्रती करा: १०८०, १६०० आणि २४०० पिक्सेल रुंदीच्या. त्या वेबपी प्रकारात साठवल्या, तर सहसा जेपीजीपेक्षा हलक्या होतात. मग पानाच्या सजावटीची जी भाषा, सीएसएस, तिच्यात 'मीडिया क्वेरी' नावाचा नियम लिहा: पडदा अरुंद असेल तर लहान प्रत, रुंद असेल तर मोठी. ब्राउझर पडद्याची रुंदी बघतो आणि लागेल तेवढीच प्रत मागवतो.

एक गंमत लक्षात ठेवा हं! १०८० पिक्सेलचा मोबाइल या नियमाला आपली रुंदी बहुधा ३६० सांगतो, कारण त्याचे ठिपके फार दाट असतात. म्हणून लहान प्रतीची सीमा १०८० नव्हे, ६००च्या आसपास ठेवा.

पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या अशा पानांना 'रिस्पॉन्सिव्ह' हे नाव २०१० साली ईथन मार्कोट यांनी दिलं.

आता करून पाहा. कॉम्प्युटरवर एफ१२ दाबा, 'नेटवर्क' उघडा आणि पान पुन्हा आणा. प्रत्येक फोटोचं वजन समोर दिसेल. सर्वांत जड कोण, ते शोधा आणि त्याला हलकं करा!