दिवसाची कमाई, सांजेचा दस्तरखान

रमजानमध्ये असरची नमाज झाली, की विजापूर वेशीकडची वर्दळ वाढू लागते. खजूर, फळं, भज्यांच्या गाड्यांभोवती गर्दी होते. रोजा सोडायला थोडा वेळ उरला, की पेठांमधल्या मशिदींत पोरं दस्तरखान अंथरू लागतात. कोणी गॅरेजमध्ये राबणारा, कोणी यंत्रमागावरचा, कोणी कॉलेजातला. शेजारी बसलेल्याचा पगार किती, हे त्या पंगतीत कोणी विचारत नाही.

अशीच एक पंगत चौदाव्या शतकात इब्न बतूताने पाहिली होती. मोरोक्कोचा हा प्रवासी पुढे दिल्लीत काझी झाला, आपल्या दौलताबादेलाही येऊन गेला. त्याआधी तुर्कस्तानातल्या अंतालिया शहरात असताना, जुनेर कपड्यांतला एक माणूस त्याला जेवणाचं आवतण द्यायला आला. या गरिबावर आपला भार कशाला, असं त्याला वाटलं. ते ऐकून तिथले शेख हसले. आलेला माणूस मोची होता आणि निरनिराळ्या धंद्यांतल्या सुमारे २०० जणांनी त्याला आपला म्होरक्या मानलं होतं. ही मंडळी दिवसभर काम करत, असरनंतर कमाई एकत्र आणत आणि रात्री ती वाटसरूंच्या जेवणावर खर्च करत.

या बिरादरीचं नाव अखी. आपल्याकडे बिरादरी म्हटलं, की जन्माची जात आठवते. त्यांची बिरादरी हाताच्या कामातून जुळलेली. नव्या पोराच्या कमरेला पट्टा बांधून त्याला सामील करून घेत. उस्ताद त्याला कसब शिकवी आणि वागणूकही. माप खरं ठेवायचं, पाहुण्याला उपाशी पाठवायचं नाही, दुबळ्याच्या बाजूने उभं राहायचं, हा त्या शिक्षणाचाच भाग होता.

सोलापूरकरांना हे परकं वाटू नये. इथल्या पेठांतल्या तालमींमध्ये वस्ताद असतो. तो ‘वस्ताद’ म्हणजे ‘उस्ताद’च आणि ‘तालीम’ या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण. मातीत घाम गाळणाऱ्या पोरावर वस्तादाची नजर असते. पोरगा चार दिवस दिसला नाही, की त्याच्या घरी निरोप जातो.

तरुणांच्या भाईचाऱ्याची फार मोठी किंमतही या शहराने मोजली आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. ‘गझनफर’ हे पत्र चालवणारा कुर्बान हुसेन तेव्हा विशीतला होता. रमजान जेमतेम आठवड्यावर आला होता. हुतात्मा चौकातले ते चार पुतळे एकाच समाजाचे नाहीत, हे त्यांच्या शेजारून रोज जाताना आपण विसरून जातो.

आज रमजानमध्ये अनेक मंडळं शिध्याची किट वाटतात. चांगलंच आहे, विडी वळून घर चालवणाऱ्या बाईला तो शिधा पंधरा दिवसांचा आधार असतो. पण तिचा मुलगा दहावीनंतर शाळा सोडून हॉटेलात कपबशा विसळायला लागला, तर पुढच्या रमजानलाही तिला त्याच रांगेत उभं राहावं लागेल. किट घेताना फोटोसाठी मान वर करायला लावलेल्या मुलाला त्या क्षणी काय वाटतं, हेही कधी विचारायला हवं.

इस्लाममध्ये निसाबाइतकी शिल्लक वर्षभर ज्याच्याकडे राहिली, त्याने तिच्यातला अडीच टक्के भाग गरजूंना द्यायचा असतो. ही जकात, म्हणजे नाक्यावरची नव्हे. गरजू मुलाची फी, आयटीआयची हत्यारं, पुण्याला मुलाखतीला जायचं भाडं यातून भागू शकतं. पण कोणता कोर्स घ्यावा, अर्ज कुठे करावा, पहिल्या नोकरीत अपमान झाला तर काय करावं, हे पैशाने सांगता येत नाही. त्यासाठी कोणीतरी आपला वेळ द्यावा लागतो. निवृत्त शिक्षक, बँकेतला कारकून, कसबी फिटर, नर्स, प्रत्येकाने एकेका मुलाची किंवा मुलीची वर्षभर विचारपूस ठेवली, तरी पुष्कळ होईल. आणि त्या वस्तादाचा धर्म शागिर्दाचाच असला पाहिजे, असंही नाही.

मगरिबच्या अजानीनंतर खजुराने रोजा सुटतो. नमाज होते, पोरं दस्तरखान झटकून घडी घालू लागतात. तेवढ्यात एखाद्या चाचांनी नाहीतर काकांनी एकाला थांबवून विचारावं, “काय रे, कितवीला आहेस? पुढे काय करणार?” आणि उत्तर ऐकायला खाली बसावं.