सुटीनंतरची घरची शाळा

मे महिना सरतो, आजोळाहून ट्रंका परत येतात, आणि ज्या घरीं मुलें शाळेंत न जातां आईबापांपाशींच शिकतात, त्या घरांत एक विलक्षण अडचण उभी राहते. इतरांच्या मुलांना घंटा बोलावते. नवा वर्ग, नवे गुरुजी, कोऱ्या पुस्तकांचा वास हीं सारीं मिळून त्यांची सुटी मोडतात. घरच्या शाळेला घंटा नाहीं. काल ज्या सतरंजीवर पत्त्यांचा डाव रंगला, तिच्यावरच आज वही उघडावयाची. आणि काल जी आई आमरस वाढीत होती, तीच आज गणितें तपासणार! हा पालट मुलाला उमगत नाहीं. पुष्कळदां आईलाही उमगत नाहीं, आणि पहिल्याच सकाळीं दोघांचेही डोळे भरून येतात.

पुण्या-मुंबईंत अशीं कुटुंबें आज आहेत. त्यांतील कांहीं मुलें पुढें राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांना बसतात. घर आणि शाळा यांच्यामध्यें उंबरठाच नसेल तर शिकण्याचा आरंभ कसा करावा, हा त्यांच्यापुढील प्रश्न. त्याचा विचार डहाणू तालुक्यांत, अगदीं निराळ्या परिस्थितींत, फार पूर्वीं होऊन गेला आहे.

ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं गिजुभाई बधेका यांच्यासमवेत नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, आणि १९३६ सालीं दादरला शिशुविहार ही संस्था सुरू केली. शहरांत रुजलेली ही पद्धति खेड्यांत नेण्यासाठीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र निघालें. अनुताई वाघ तेथें त्यांच्या सहकारी झाल्या. बालवाडी उघडली खरी, पण गरीब वस्तींतील मुलें तिकडे येईनात. तेव्हां बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणांत नेण्यांत आली. अंगणवाडी ती हीच. १९७५ सालीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेनें हा शब्द पुढें देशभर नेला. बोर्डीहून हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें, आणि तेथें गुरें राखणाऱ्या वारली मुलांसाठीं कुरणशाळा निघाली. मूल गुरांमागें जाणार, तर शाळेनेंही तिकडेच जावें!

याच तालुक्यांतील रानशेतासारख्या गांवीं मुलांचें वर्ष शाळेच्या वेळापत्रकानें बांधलेलें नसतें. पावसाआधीं राब भाजावयाचा, पाऊस लागला कीं भाताची लावणी, दिवाळीनंतर कित्येक कुटुंबांचें वीटभट्ट्यांकडे वा दूरच्या मजुरीवर जाणें, आणि मध्येंच होळीचा थोरला सण. अशा मुलखांत खंड पडला म्हणून शिकविणाऱ्यानें कपाळाला हात लावून भागत नाहीं. पुन्हां आरंभ करणें हाच तेथील शिक्षणाचा नित्यक्रम होय.

तो आरंभ अक्षरांनीं होत नसे. जागा झाडणें, हातपाय धुणें, केंस विंचरणें, मग गाणें आणि गोष्ट. साधनें म्हणजे खडे, शिंपले, बिया, झाडाचीं पानें. वरवर पाहणाऱ्यास यांत केवळ स्वच्छतेचा धडा आणि काटकसर दिसेल. वस्तुतः यांत घंटेचेंच काम साधलेलें आहे. अंगण झाडून झालें कीं शाळा भरली, हें हातांना कळतें. तोंडानें सांगावें लागत नाहीं. डॉ. माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरीं पहिलें बालगृह उघडलें, तेथेंही हात धुण्यास व सामान जागच्या जागीं ठेवण्यास अभ्यासाचाच मान होता.

दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत अंगण कोठून आणावें? त्याची गरजही नाहीं. रोज ठराविक वेळीं मुलानेंच एक कोपरा झाडावा, कुंड्यांना पाणी घालावें, चटई अंथरावी. एवढें पहिले तीन-चार दिवस साधलें तरी पुष्कळ झालें. त्याच्याही आधीं झोपेची वेळ मार्गावर आणावी. रात्रीं अकरापर्यंत जागलेल्या मुलाकडून सकाळीं आठ वाजतां पाढ्यांची अपेक्षा करणें हा अन्याय आहे. सुटींत गोळा झालेला ऐवजच पहिला पाठ म्हणून घ्यावा. डहाणूच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले आकारानें लावावे, मोजावे. चिकूच्या बिया दहा-दहांच्या पुंजांत मांडाव्या. आजीच्या गांवाचा नकाशा काढावा. यांत गणित आहे, भाषा आहे, भूगोलही आहे.

पहिल्याच दिवशीं परीक्षा घेऊन मुलाचें काय काय बुडालें हें पाहण्याची घाई मात्र अनेक पालकांना होते. सुटींत विसरतें तें बहुधा सरावाचें: पाढे, हातच्याची वजाबाकी, शुद्धलेखन. समजलेली गोष्ट इतक्या लवकर जात नाहीं. सराव पंधरा-पंधरा मिनिटांनीं आठवड्या-दोन आठवड्यांत परत येतो. त्यासाठीं रागावण्याचें कारणच नाहीं. आणि येथें राग फार महाग पडतो. शाळेंत गुरुजी रागावले तर मुलाला परत यावयास घर असतें. घरच्या शाळेंत आईच रागावली, तर त्यानें कोठें जावें?

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांना झाडलोटीच्या खुणेपेक्षां वेळापत्रकांतील वांटा हवा असतो. आठवड्याचा आराखडा त्यांनीं स्वतः मांडावा, वडिलांनीं फक्त पाहावा.

पहिल्या आठवड्यांत एखादी सकाळ फसणारच. पाहुणे येतील, पाऊस कोसळेल, आईचेंच डोकें दुखेल. अशा दिवशीं चटई गुंडाळून ठेवावी, मुलाला भाजी निवडावयास शेजारीं बसवावें, एखादी गोष्ट सांगावी, आणि दुसऱ्या दिवशीं तोच कोपरा पुन्हां झाडावयास घ्यावा.