कंपोनंट स्पीकर घेताना

कोअ‍ॅक्शियल स्पीकरमध्ये बारीक स्वरांचा ट्वीटर जाड स्वरांच्या वूफरच्या मधोमधच बसवलेला असतो. कंपोनंट संचात दोन्ही सुटे मिळतात, सोबत दोघांत स्वर वाटून देणारा क्रॉसओव्हर. वूफर गाडीच्या दाराच्या तळाशी राहतो, ट्वीटर मात्र आरशाजवळच्या कोपऱ्यात किंवा काचेलगतच्या खांबावर चढवता येतो. त्यामुळे उंच, बारीक स्वर पायांशी न अडता कानापर्यंत येतात.

खोक्यावरचे ‘३०० वॉट’ वाचून भुलू नका, तो क्षणभराचा कमाल आकडा. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे सलग पेलवणारे वॉट. स्टिरिओवर ‘५० वॉट गुणिले ४’ छापलेले असले, तरी प्रत्येक चॅनेलला सलग मिळतात साधारण १५ ते २० वॉट. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावणार नसाल, तर सेन्सिटिव्हिटी (१ वॉटला मिळणारा आवाज) ९० डेसिबलच्या आसपास असलेला संच बरा : ३ डेसिबल जास्त असले की तेवढ्याच आवाजाला निम्मे वॉट पुरतात. यातही मेख आहेच. काही कंपन्या १ वॉटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजणी करतात. ४ ओहमच्या स्पीकरला ते २ वॉट होतात आणि आकडा फुकटात ३ डेसिबलने फुगतो!

वूफर साडेसहा इंची असला तरी त्याची खोली मोजाच. चुंबक जाड निघाला तर खाली येणारी काच त्यावर आपटते. मागच्या दारांत महागडा संच हा माझ्या मते निव्वळ हौसेचा खर्च. तो पैसा पुढच्या दारांच्या पत्र्याला डॅम्पिंग शीट चिकटवण्यात घाला. आणि मूळ वायर कापू देऊ नका, आपल्या मॉडेलचा कपलर मागा.