नबाब सिद्दीक हसन खान: भोपाळच्या राज्यकर्त्या बेगमेचे पति

राज्यकर्त्या स्त्रीच्या पतीचा राज्यांत अधिकार काय, हा प्रश्न भोपाळ संस्थानांत पिढ्यान्‌पिढ्या उपस्थित झाला. सिकंदर बेगमेचे पति जहांगीर महंमद खान यांच्या हातीं १८३७ सालीं प्रत्यक्ष सत्ता आली. दांपत्यांत वैर माजलें, व १८४४ सालीं ते वारले. ह्या अनुभवानंतर, कन्या शाहजहान बेगम यांचा विवाह १८५५ सालीं बाकी महंमद खान यांच्याशीं झाला तेव्हां, पतीस केवळ नांवाची नबाबी असावी असें ठरलें.

बाकी महंमद खान १८६७ सालीं निवर्तले. पुढें गादीवर असतांना शाहजहान बेगमेनें १८७१ सालीं सिद्दीक हसन खान यांच्याशीं पुनर्विवाह केला. हे गृहस्थ कोणत्याहि राजकुळांतले नव्हते. कनोजच्या एका विद्वान् सय्यद घराण्यांत १८३२ सालीं त्यांचा जन्म झाला. अध्ययन दिल्लीस झालें व उपजीविकेसाठीं ते भोपाळास आले. विवाहानंतर १८७२ सालीं त्यांस ‘नबाब वाला जाह अमीर-उल्-मुल्क’ ही पदवी मिळाली, व सतरा तोफांच्या सलामीचा मान प्राप्त झाला.

त्यांचें खरें वैभव मात्र ग्रंथांत होतें. अरबी, फारसी व उर्दू मिळून दोनशेंहून अधिक लहानमोठे ग्रंथ त्यांच्या नांवावर आहेत. ‘अब्जद-उल्-उलूम’ हा विद्याशाखांचा परिचयकोश त्यांपैकींच होय. १८६९ च्या सुमाराच्या हजयात्रेंत त्यांनीं हस्तलिखितें मिळविलीं व कित्येकांच्या नकला स्वतः उतरून घेतल्या. इब्न हजर यांची ‘फत्ह-उल्-बारी’ ही विशाल टीका कैरोनजीक बुलाक येथील छापखान्यांत छापली गेली, ती त्यांच्याच आश्रयानें. बेगमेच्या खजिन्याचें पाठबळ नसतें, तर एका खाजगी पंडितास हें साधलें नसतें.

परंतु हेंच पद त्यांस घातक ठरलें. विवाहानंतर बेगमसाहेब पडद्यांत राहूं लागल्या. तेव्हां राज्याचे खरे सूत्रधार पतीच होत, असा आक्षेप निघाला. युवराज्ञी सुलतान जहान बेगम व माता यांच्यांत वितुष्ट आलें, त्याचा दोषहि त्यांच्याच माथीं आला. मध्य हिंदुस्थानचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांनीं राज्यकारभारांत ढवळाढवळ व ग्रंथांतून धर्मयुद्धास चिथावणी असे आरोप ठेवले. आणि १८८५ सालीं पदवी व सलामी दोन्ही काढून घेतल्या. बेगमेनें पतीची बाजू अखेरपर्यंत सोडली नाहीं. १८९० च्या फेब्रुवारींत ते वारले. त्यानंतर त्यांच्या नांवामागें ‘नबाब’ लावण्यास सरकारनें अनुमति दिली.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गादी बेगमेची वंशपरंपरागत. पतीचा मान मात्र पत्नीच्या इच्छेनें मिळालेला व सार्वभौम सरकारच्या मर्जीवर टिकणारा. ज्या विवाहानें तो मिळाला, त्याच विवाहामुळें तो गेला.

संग्राहकांस याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. एखाद्या कागदावर किंवा मुखपृष्ठावर ही संपूर्ण पदवी आढळल्यास तो १८७२ पूर्वींचा नव्हे, इतकें म्हणतां येतें. उलट, पदवी नाहीं म्हणून तो १८८५ नंतरचा ठरत नाहीं. विवाहापूर्वींहि त्यांचें लेखन चालूच होतें. अशा वेळीं हिजरी सन, छापखान्याचें नांव व लेखकाची समाप्तिलेखांतील सही, हीं तिन्ही ताडून पाहावींत. त्यांच्या संग्रहांतील ग्रंथ पुढें लखनौच्या नदवत-उल्-उलमाच्या ग्रंथालयांत गेले. सरकारास सलामीच्या तोफा बंद करतां आल्या. ग्रंथ मात्र अद्याप अभ्यासकांच्या हातीं आहेत.