खाऱ्या पाण्यातली गरी : पहिली काठी, पहिले रीळ, पहिली दोरी

रविवारी पहाटे वर्सोव्याच्या धक्क्यावर, मढच्या खडकांवर किंवा मार्वे-मनोरीच्या खाडीकाठी गेलात तर हातात काठी घेऊन उभी असलेली माणसे दिसतात. त्यात अंधेरीचा गॅरेजवाला असतो, बोरिवलीचा फर्निचर कारागीर असतो, घाटकोपरचा लेथवर काम करणारा असतो. कोकणातून आलेल्या आपल्या कुटुंबांना हा नाद नवा नाही. रत्नागिरीकडचा दालदी समाज तर पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावरच जगत आला. गावी मात्र गरी म्हणजे हातातली दोरी आणि गळ एवढेच होते. आज दुकानात काठ्या, रिळे आणि दोऱ्यांचे शंभर प्रकार टांगलेले असतात आणि नवा माणूस तिथेच गोंधळतो.

या गोंधळाचे नुकसान दोघांचे होते. गिऱ्हाईक चुकीचा संच घेतो, दोन महिन्यांत रीळ गंजून अडकते आणि हौस संपते. दुकानदाराने एक विक्री केलेली असते, पण पुढची दहा वर्षे दोरी, गळ आणि शिसे नेणारे गिऱ्हाईक कायमचे गमावलेले असते. म्हणून हा लेख घेणाऱ्यासाठी आहे, तसाच विकणाऱ्यासाठीही आहे.

आधी जागा, मग काठी

काठी निवडण्याआधी एकच प्रश्न विचारावा : उभे कुठे राहणार? धक्क्यावरून किंवा खाडीकाठावरून गरवायचे असेल तर आठ ते नऊ फुटांची काठी पुरते. गोराई किंवा आक्सासारख्या उतरत्या वाळूच्या किनाऱ्यावरून लाटेपलीकडे फेकायचे तर दहा ते बारा फूट लागतात. होडीत मात्र सहा-सात फुटांपेक्षा लांब काठी अडचणच करते. पहिल्या काठीसाठी नऊ फूट हा मधला मार्ग उत्तम.

काठीवर दुसरा आकडा असतो तो फेकायच्या वजनाचा. आपल्या खाड्यांना ओढ जबर असते. पन्नास ग्रॅमखालचे शिसे तळाला टिकत नाही, वाहून जाते. म्हणून चाळीस ते शंभर ग्रॅम पेलणारी काठी घ्यावी. तळ्यातल्या मासेमारीची नाजूक काठी इथे पहिल्याच फेकीत मोडू शकते.

फायबर ग्लासची काठी जड असते, पण आपटली, दगडावर घासली तरी सहन करते. कार्बनची हलकी आणि संवेदनशील, पण ठोका लागला की आतून तडकते. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली आणि गडगडाटात ती उभी धरणे म्हणजे जिवाशी खेळ. नवशिक्याने फायबर किंवा मिश्र काठी घ्यावी.

घेताना काठीवरच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवून पाहावा. धागा अडकला तर कड्याला चीर आहे, आणि तीच चीर उद्या दोरी कापणार. दोन तुकड्यांची काठी जोडून हलवावी, सांध्यात खडखड होता कामा नये. बंद करून पिशवीत मावणारी टेलिस्कोपिक काठी गर्दीच्या प्रवासात सोयीची असते, परंतु तिच्या सांध्यांत वाळू आणि मीठ शिरते, ते प्रत्येक वेळी धुवावे लागते.

रिळावर हात आखडू नये

पैसे मोजके असतील तर काठीवर थोडे कमी आणि रिळावर जास्त खर्च करावेत. काठीत फिरणारा भाग नाही, रिळात मात्र गिअर, बेअरिंग, स्प्रिंग सगळे आहे आणि मीठ नेमके तिथेच शिरते.

नवशिक्याला स्पिनिंग रीळ बरे. त्यात दोरीचा गुंता कमी होतो. ४००० किंवा ५००० आकाराचे रीळ नऊ फुटी काठीला शोभते. पेटीवर बेअरिंगची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते, तिला भुलू नये. चार चांगली बेअरिंग दहा वाईटांपेक्षा बरी. हँडल सावकाश फिरवून पाहावे. मागेपुढे ढिले वाटले, कुठे खरखर लागली तर ते परत ठेवावे. खाऱ्या पाण्यासाठी बनवले आहे असे कंपनीनेच स्पष्ट लिहिले आहे का, तेही पाहावे.

ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक. मोठ्या माशाने ओढले की दोरी तुटण्याआधी ती थोडी सोडणारी ही व्यवस्था. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका ड्रॅग लावावा. दोरी नऊ किलोची असेल तर अडीच ते तीन किलो. दुकानातला साधा स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवून ओढला की हिशेब कळतो. गिऱ्हाइकासमोर एवढे करून दाखवणारा दुकानदार विसरला जात नाही.

कारागीर वाचकांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. रिळांच्या जगात आज मोठे नाव असलेल्या शिमानो कंपनीची सुरुवात १९२१ साली जपानच्या साकाई शहरात सायकलच्या फ्रीव्हीलपासून झाली. मासेमारीच्या रिळांकडे ती १९७० मध्ये वळली. बारीक दातांची चाके नेमकी बसवण्याचे कसब दोन्हीकडे तेच!

दोरी : स्वस्त भाग, महाग चूक

नायलॉनची एकेरी दोरी आणि विणलेली दोरी असे दोन मुख्य प्रकार. विणलेली दोरी त्याच जाडीत कितीतरी मजबूत, पण ती ताणली जात नाही, शिंपल्यांच्या धारेवर पटकन कापली जाते आणि बोटही कापते. नायलॉन ताणते, म्हणून माशाचा झटका आणि नवशिक्याची घाई दोन्ही सहन करते. पहिली दोरी नायलॉनचीच असावी, पंधरा ते वीस पौंडांची, म्हणजे साधारण सात ते नऊ किलो ताकदीची.

फेकताना खरा ताण शिशाचा येतो. त्यासाठी पुढे जाड दोरीचा तुकडा जोडतात. हिशेब सोपा आहे : दर २८ ग्रॅम शिशामागे दहा पौंड. ८५ ग्रॅमचे शिसे असेल तर पुढची दोरी तीस पौंडांची आणि काठीच्या दुप्पट लांब. जोर लावून फेकताना दोरी तुटली तर ते शिसे गोळीसारखे सुटते आणि धक्क्यावर शेजारी माणसे उभी असतात. दोन रुपये वाचवण्यासाठी हा तुकडा टाळू नये.

रिळात दोरी काठोकाठ भरू नये, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवावी. गाठ ओढण्याआधी ओली करावी, कोरडी ओढली तर घर्षणाने नायलॉन तिथेच कमजोर होते. शिंगाळा, ढोमा, तांबोशीसाठी गळ एक शून्य ते चार शून्य आकाराचा पुरतो. वाम दाताने दोरी कापते, तिच्यासाठी बारीक तार लावावी. दोरी उन्हात ठेवू नये, आणि तुटलेले तुकडे पाण्यात टाकू नयेत, पक्ष्यांच्या पायांना ते फास ठरतात.

चांद, भरती आणि जागेचे नियम

भरतीचे गणित चांदाच्या तारखेवर सहज बसते. चांदाच्या पहिल्या-दुसऱ्या आणि पंधराव्या-सोळाव्या तारखेच्या आसपास उधाण असते. तेव्हा मुंबईत भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो आणि ओढ जबर असते. आठव्या आणि बाविसाव्याच्या सुमारास भांग असतो, पाणी शांत राहते. नवशिक्याने भांगात शिकावे. उधाणात पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास किंवा थोडी उशिरा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. खडकावर चढण्याआधी परतीची वाट किती वाजता बुडेल ते पाहून ठेवावे. आक्साच्या किनाऱ्यावर दरवर्षी जीव जातात, तिथे पाण्यात उतरून फेकू नये. पावसाळ्यात घरी बसावे.

मुलुंड-घाटकोपरकरांना ठाणे खाडी जवळची. पण ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा तिचा पश्चिम काठ २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, वन खात्याला विचारल्याशिवाय तिथे गरी टाकू नये. २०१४ पासून घाटकोपरहून वर्सोव्यापर्यंत मेट्रो आहे, तिकडेच जावे. कोळीवाड्यांच्या धक्क्यावर होड्यांना आणि जाळ्यांना वाट मोकळी ठेवावी. ती माणसे तिथे पोटासाठी आहेत, आपण हौसेसाठी.

दुकानदार आणि कारागिरांसाठी

हार्डवेअर किंवा दोरखंडाच्या दुकानात या मालाला एक फळी पुरते. पंधरा प्रकारची रिळे ठेवण्यापेक्षा नवशिक्यासाठी एकच चोख संच ठेवावा : नऊ फुटी काठी, ४०००चे रीळ, वीस पौंडी नायलॉन. खरा फिरता माल दोरी, गळ आणि शिसे. संच वर्षानुवर्षे चालतो, पण शिसे दर रविवारी खडकात अडकून तुटते. सप्टेंबरअखेर माल भरावा, हंगाम मेपर्यंत चालतो. मोठ्या कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते नाव छापलेला माल आला तर तो तसे सांगूनच विकावा. गोड्या पाण्याचे रीळ खाऱ्याचे म्हणून देणे हा धंदा नव्हे, फसवणूक आहे.

दुसरी संधी दुरुस्तीची. रिळाची तुटलेली स्प्रिंग, जाम झालेले बेअरिंग, काठीचे निसटलेले कडे ही कामे घड्याळ किंवा शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या हातांना अवघड नाहीत. शिशाची वजने ओतणाऱ्यांनी मात्र काम उघड्यावर, मुलांपासून दूर करावे. साचा पूर्ण कोरडा हवा, पाण्याचा एक थेंबही वितळलेले शिसे उडवतो. शिशाची वाफ आणि धूळ विषारी असते, हात धुतल्याशिवाय अन्नाला लावू नयेत.

शेवटी गिऱ्हाइकाला पिशवीसोबत एवढे सांगावे : घरी गेल्यावर ड्रॅग घट्ट करून रिळावर गोडे पाणी हलके ओतायचे, जोराची धार मारायची नाही. पुसून, वाळवून, मग ड्रॅग सैल करून ठेवायचा. महिन्यातून एकदा फिरत्या भागांना तेलाचा थेंब द्यायचा. पाच मिनिटांचे हे काम चुकले नाही तर साधे रीळही अनेक हंगाम टिकते.