रिश्ता ठरवताना आपण काय पाहतो?

आषाढी वारीसाठी देहूहून तुकोबांची पालखी निघते, तेव्हा तिचा पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी असतो. हे पाहून आपल्या सर्वांनाच बरे वाटते. पण देहूशी जोडलेली दुसरी एक हकीकत घराच्या चार भिंतींतली आहे. सतराव्या शतकातील संत बहिणाबाई ब्राह्मण घरातल्या. त्यांनी तुकोबांना गुरू मानले. शूद्र समजल्या जाणाऱ्या माणसाला पत्नीने गुरू करावे, हे पतीला सहन झाले नाही. त्याने मारहाण केली. बहिणाबाईंनी हे स्वतःच आपल्या अभंगांत लिहून ठेवले आहे. पुढे पतीचे मन पालटले आणि दोघे देहूला आले.

जन्मावरून माणसाला कमी लेखण्याची वृत्ती सर्वांत जास्त बोचते ती घरातच. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) चित्रपटाच्या गाण्यांवर आपल्याही घरची मुले नाचली. शेवट मात्र आठवा. आर्ची बड्या पाटलाची लेक, परश्या मासेमारी करणाऱ्या गरीब घरातला. दोघे हैदराबादला पळून जातात, कष्टाने संसार उभारतात, मूल होते. मग एके दिवशी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात. आर्ची त्यांना चहा देते आणि तीच माणसे दोघांचा जीव घेतात. मागे उरते अजाण लेकरू. मारणारे परके नव्हते, हीच त्या कथेतली खरी भीती आहे.

विजय तेंडुलकरांचे 'कन्यादान' (१९८३) हे नाटक दुसरी बाजू दाखवते. समाजवादी वडिलांच्या संमतीने ज्योती दलित तरुण अरुणशी लग्न करते. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपमानाची चीड अरुण तिच्यावर काढतो. या चित्रणाला दलित समाजातून तीव्र आक्षेपही घेतला गेला. तरी एक गोष्ट उरतेच : लग्न लागले म्हणून जुनी जखम आपोआप भरत नाही.

हे सारे 'त्यांच्यातले' आहे, असे म्हणून आपल्याला सुटता येईल का? चाकण-तळवड्याच्या कारखान्यांमुळे या पट्ट्यात मराठवाड्यापासून बिहारपर्यंतची कुटुंबे आली आहेत. मशिदीत आपण एकाच सफीत खांद्याला खांदा लावून उभे राहतो. मुलांचा रिश्ता निघाला की मात्र पहिला प्रश्न येतो, "बिरादरी कोणती?" सय्यद, शेख, बागवान, पिंजारी अशी चाळणी लागते. दुसरा प्रश्न असतो, "मुलगी गोरी आहे ना?" दीनदार, शिकलेली मुलगी पडद्यामागून हे ऐकत असते. आपण तिच्यावर हात उगारत नाही, पण तिचे मन मात्र मोडतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अखेरच्या हजच्या प्रवचनात सांगितले की, अरबाला अरबेतरावर किंवा गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व आहे ते तकव्यामुळे. हजरत जुलैबीब (रजि.) दिसायला साधे, ना नाव ना घराणे. प्रेषितांनी (स.) त्यांच्यासाठी एका अन्सारी घरी मागणी घातली, तेव्हा आई कचरली. मुलगी मात्र स्वतःहून राजी झाली.

म्हणून वाचक माता-पित्यांना आमची एवढीच विनंती : पुढचे स्थळ येईल तेव्हा आधी चारित्र्य, दीन आणि स्वभाव विचारा. आणि तुमच्या मुलीला काय वाटते, तेही विचारा.